बांध हलवा, पण शेजाऱ्याला बोलवा

भूमी अभिलेख खात्यातल्या अधिकाऱ्यांना आज एकच प्रश्न विचारायचा आहे. एका शेतकऱ्याच्या अर्जावरून तुम्ही दुसऱ्याचा गट वीस गुंठ्यांनी कमी करता, तेव्हा त्या दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेता का?

'सामनेवाल्यास नोटीस बजावली' हे वाक्य निकालपत्रात असतेच. पण बऱ्याचदा तो सामनेवाला म्हणजे गावात एकत्रीकरण योजना झाली त्या वेळचा खातेदार. त्याला जाऊन वीस-तीस वर्षे झालेली असतात. जमीन मुलांच्या, सुनांच्या, नातवंडांच्या नावावर आलेली असते. एखादा तुकडा विकला गेलेला असतो आणि घेणाऱ्याने तिथे विहीर पाडून पाइपलाइन केलेली असते. यातल्या एकाच्याही हातात कागद पडत नाही. निकाल होतो, तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, आणि कसणाऱ्याला ते कळते सोसायटीच्या पीककर्जासाठी नवा सातबारा काढल्यावर.

असा निकाल टिकत नाही. टिकूही नये. आणि तो देणाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कागदांवरच्या अहमदनगरमध्ये, चौदा तालुके आहेत. सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा विस्तार क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरउतारापासून जामखेडच्या माळापर्यंत कुठल्याही गावाच्या पारावर बसा, 'एकत्रीकरणात घोळ झाला' हे वाक्य कानावर येतेच. माझे वीस गुंठे शेजाऱ्याच्या गटात गेले, नकाशा एक सांगतो आणि वहिवाट दुसरीच आहे, सर्व्हे नंबरला पाच एकर होते ते गटाला साडेचारच आले. तक्रारी खऱ्या आहेत. त्यांची थट्टा करणाऱ्याने कधी मोजणीदाराच्या मागे बांधावरून चालून पाहिलेले नसते.

एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. जमिनीचे तुकडे पडू द्यायचे नाहीत आणि पडलेले जोडायचे, असे दुहेरी काम त्याने अंगावर घेतले. म्हणून गावात त्याला तुकडेबंदी-तुकडेजोड म्हणतात. हेतू चांगलाच होता. हेरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ साली छापली, तेव्हा दिसले की १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांची असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आली होती, आणि तीही ठिकठिकाणी विखुरलेली. त्यावर सरकारने १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. धारणा मोठ्या करण्याच्या नादात लहान शेतकरी भूमिहीन होईल, ही त्यांची हरकत होती. तुकडे जोडताना कोणाच्या तरी पायाखालची जमीन सरकते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

प्रत्यक्ष योजना गावोगावी राबली ती पुढच्या काही दशकांत. एकत्रीकरणाचे कर्मचारी गावात यायचे, खातेदारांचे जबाब घ्यायचे, जुन्या सर्व्हे नंबरांचे आणि पोटहिश्श्यांचे गट बांधायचे. मसुदा प्रसिद्ध व्हायचा, हरकती मागवल्या जायच्या, योजना कायम व्हायची. आजही भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून ९(३), ९(४) चा उतारा मिळतो, त्यात जुने सर्व्हे नंबर आणि त्यांचे झालेले गट यांचा ताळा लागतो. जबाबांवर अंगठे आहेत. बहुतेक पुरुषांचे. ज्या घरात भाऊ एकत्र होते तिथे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढ्या एका नावावर सगळ्यांचे काम उरकले. धाकट्या भावाला विचारले का? विधवा भावजयीला? बहिणींचा तर प्रश्नच नव्हता. असलीच तर त्यांची नावे 'इतर हक्क' या रकान्यात पडून राहिली.

म्हणजे पक्षकार वगळण्याची सुरुवात मूळ योजनेतच झाली. आणि आज ती चूक दुरुस्त करायला बसलेला अधिकारी नेमकी तीच चूक पुन्हा करतो.

एक फाईल डोळ्यांसमोर आणू. धरा, नेवासे तालुक्यातले एक गाव. अर्जदार म्हणतो, १९७४ च्या योजनेत आमच्या पोटहिश्श्याचे वीस गुंठे शेजारच्या गटात दाखवले, वडिलांना नोटीस नव्हती, दुरुस्ती करा. अर्ज रास्त वाटतो. त्याने सामनेवाला म्हणून शेजारच्या गटाच्या मूळ खातेदाराचे नाव टाकले आहे. हा गृहस्थ १९८९ साली वारला. मागे बायको, तीन मुलगे, दोन मुली. मधल्या मुलाने २००३ साली त्यातला एक एकर रीतसर खरेदीखताने तिसऱ्याच माणसाला विकला. त्या एकरावर विकास सोसायटीचा बोजा आहे. थोरल्या मुलाने थेट मुळा कालव्यावरून पाणी आणून ऊस लावला आहे. जिरायत म्हणून हिशेबात धरलेली जमीन आज बागायत आहे, तिची किंमत शंभर पटींनी वाढली आहे.

आता सांगा, या प्रकरणात ऐकायचे कोणाकोणाचे? बायको, तीन मुलगे, दोन मुली आणि खरेदीदार, हे सातही जण आवश्यक पक्षकार. त्यांच्यातला एक जरी वगळला तरी निकाल त्याच्यावर बंधनकारक होत नाही, आणि गट तर सगळ्यांचा मिळून एकच आहे. सोसायटी उचित पक्षकार. ती असली तर बोज्याचाही प्रश्न त्याच बैठकीत मिटतो. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बिहारच्या महसूल मंडळाच्या एका प्रकरणात सांगितला. दारूच्या दुकानाच्या परवान्याचा तो वाद होता. मंडळाने ज्यांच्या बाजूने निकाल दिला होता त्यांनाच उच्च न्यायालयातल्या याचिकेत पक्षकार केले नव्हते, म्हणून ती याचिका गेली. ज्याच्याविना परिणामकारक आदेशच देता येत नाही तो आवश्यक पक्षकार. साठ वर्षांपूर्वी ठरलेली गोष्ट आहे. परवान्याला जे लागू, ते वीस गुंठे काळ्या मातीला लागू नाही का?

१९४७ च्या कायद्याचा मजकूरही याच बाजूचा आहे. कलम ३१-अ लेखनातली किंवा हिशेबातली चूक सुधारण्यापुरते, आणि तेही योजनेत महत्त्वाचा फरक पडत नसेल तरच. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना आकडा चुकला, तर ते इथे बसते. बांध हलवायचा, क्षेत्र एका गटातून काढून दुसऱ्यात टाकायचे, तर ते कलम ३२ मध्ये जाते. तिथे योजनेतल्या बदलाचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, बाधित माणसाला हरकतीसाठी एक महिना द्यावा लागतो, चौकशी करावी लागते, आणि मगच बदल करायचा की नाही ते ठरवायचे. कलम ३५ खाली राज्य सरकार कोणत्याही अधिकाऱ्याच्या आदेशाची कायदेशीरता आणि योग्यता तपासू शकते. पुनरीक्षण म्हणतात ते हे. व्यवहारात काय होते? क्षेत्र बदलणारा अर्ज 'लेखनप्रमाद' या नावाखाली आत येतो आणि मसुद्याची पायरीच गाळली जाते. ही पायरी गाळणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात चोरवाटेने शिरणे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५७ मध्येही पुनरीक्षणाचा अधिकार आहे. खासगी व्यक्तींमधल्या हक्काच्या प्रश्नावरचा आदेश संबंधितांना नोटीस देऊन ऐकल्याशिवाय फिरवता येणार नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. पंजाबच्या १९४८ च्या एकत्रीकरण कायद्यात कलम ४२ मध्ये आणि उत्तर प्रदेशच्या १९५३ च्या कायद्यात कलम ४८ मध्ये हीच अट आहे. या कायद्यांनी वरच्या अधिकाऱ्याच्या हातात मोठी कात्री दिली, आणि तिच्यावर हाच एक लगाम ठेवला.

आता यातला सर्वांत गंभीर भाग. १९४७ च्या कायद्याच्या कलम ३६-अ ने या विषयात दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आहे. या कायद्याखाली अधिकाऱ्याने जे ठरवायचे ते दिवाणी न्यायाधीश ठरवू शकत नाही. म्हणजे शेतकऱ्याला साक्षीपुरावा, उलटतपासणी, वकिलाचा युक्तिवाद यांसाठी दुसरी जागा नाही. जी काही सुनावणी व्हायची ती भूमी अभिलेख अधिकाऱ्याच्या टेबलासमोरच. तिथेच त्याला बोलावले नाही, तर खात्यातल्या अपिलांपलीकडे उरतो फक्त उच्च न्यायालयाचा रस्ता, आपल्या जिल्ह्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. दोन एकरांच्या शेतकऱ्याने रिट याचिका करायची! एकट्या अधिकाऱ्याच्या हाती एवढी सत्ता दिली, तेव्हा त्याची जबाबदारीही न्यायाधीशाएवढीच झाली. ती पेलत नसेल त्याने त्या खुर्चीवर बसू नये.

मुदतीचे काय? उच्च न्यायालयाने २००१ साली म्हटले, कलम ३२ खालचा बदल वाजवी मुदतीत, साधारण तीन वर्षांत झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सतरा वर्षांनी उगवलेले पुनरीक्षण अमान्य केले. तरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या योजनांवर अर्ज येतच राहतात. यात मी सरसकट अर्जदाराच्या विरोधात नाही. ज्याच्या वडिलांना तेव्हा खरोखर नोटीस नव्हती, ज्याला पहिल्यांदा मोजणी केल्यावर आपले क्षेत्र कमी असल्याचे समजले, त्याला 'तीन वर्षे उलटली, चालते व्हा' म्हणणे कठोर आहे. कालवा आला, समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला, मोबदल्याच्या वेळी कागद तपासले गेले आणि जुना घोळ उघडा पडला. हा माणूस झोपला होता असे कसे म्हणायचे? पण ज्या माणसाची तक्रारच 'माझे ऐकले नाही' ही आहे, त्याने शेजाऱ्याचे ऐकू न देता निकाल मिळवायचा, हे मला मुळीच मान्य नाही. आणि त्याला तसा निकाल मिळवू देणारा अधिकारी तर दुप्पट दोषी, कारण अर्जदार स्वार्थापोटी करतो, अधिकारी पगार घेऊन करतो.

शिवाय यात अर्जदाराचेही भले होत नाही. धरलेल्या त्याच फाईलचे पुढे काय होईल ते पाहा. निकाल अर्जदाराच्या बाजूने. फेरफार मंजूर. खरेदीदार जागा होतो, अपिलात जातो. तालुक्याहून जिल्हा अधीक्षक, तिथून नाशिकचे उपसंचालक, मग पुण्याचे जमाबंदी आयुक्त किंवा मंत्रालय, शेवटी खंडपीठ. खंडपीठ म्हणते, आवश्यक पक्षकार वगळले, आदेश रद्द, फेरचौकशी करा. फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर. मधल्या दहा-बारा वर्षांत अर्जदार म्हातारा झाला, वकिलाच्या फीत एक बैलजोडी आणि घरचे दागिने गेले, शेजाऱ्याशी बोलणे बंद झाले, बांधावरची बाभळ कोणी तोडायची यावरून पोलीस ठाण्यापर्यंत दोन खेपा झाल्या. आणि मूळ प्रश्नाला, वीस गुंठे कोणाचे, अजून कोणी हातही लावलेला नाही.

नोटीस 'बजावली' म्हणजे काय, हेही एकदा नीट पाहू. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातली कितीतरी घरे दिवाळीच्या सुमारास कुलूपबंद होतात. माणसे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या काळात कोतवालाने दारावर कागद डकवला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि अहवाल पाठवला. पारनेरची निम्मी भावकी मुंबईत कामाला. बहीण लग्न होऊन संगमनेरला, आत्या बीड जिल्ह्यात. जामखेडच्या माणसाला नाशिकची तारीख लागली तर एका बाजूचा प्रवासच दोनशे किलोमीटरहून जास्त, आणि तिथे गेल्यावर साहेब दौऱ्यावर. तारखा आता अर्धन्यायिक प्रकरणांच्या ई-क्यूजे कोर्ट या संकेतस्थळावर दिसतात, ते चांगलेच झाले. पण आपण पक्षकारच नसलो, तर संकेतस्थळावर आपले नाव शोधणार कुठून?

मुलींच्या बाबतीत तर सबबच उरलेली नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले, केंद्राने २००५ साली केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. तरीही भावाला नोटीस दिली की बहिणींना दिली असेच धरले जाते. बहिणीने हक्कसोड पत्र नोंदवून दिले असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर ती पक्षकार आहे. तिचे नाव पत्त्यासह लिहा, नोटीस तिच्या सासरच्या घरी जाऊ द्या.

पक्षकार वगळला म्हणून अर्ज सरळ फेटाळून टाका, असे मात्र मी म्हणत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १, नियम १० खाली न्यायालय कोणत्याही टप्प्यावर पक्षकार जोडू शकते. महसुली अधिकाऱ्यानेही तेच करावे. अडाणी शेतकऱ्याचा अर्ज टायपिस्टने लिहिलेला असतो, त्याला आवश्यक आणि उचित यातला फरक कसा कळावा? तो कळायला हवा अधिकाऱ्याला. अर्ज दाखल होताच बाधित होणाऱ्या प्रत्येक गटाचा आजचा सातबारा, फेरफारांची साखळी आणि वारस नोंदी मागवायच्या. जितकी नावे निघतील तितक्यांना नोटीस काढायची. मयताच्या नावे नोटीस निघूच शकणार नाही अशी तपासणी संगणकावर बसवायची. ई-फेरफार चालवणाऱ्या सरकारला हे अवघड नाही. आणि नोटीस नसलेल्या माणसाच्या हक्काविरुद्ध आदेश झाला, तर रद्द करणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याने खालच्याचे नाव निकालात लिहावे. एवढे केले तरी निम्म्या फाइली परतून येणार नाहीत.

तडजोडीची वाटही आहे. जानेवारी २०२३ मध्ये शासनाने सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असे किमान बारा वर्षे चालले असेल, तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून होतो. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. उतारा नवा आणि ताबा जुनाच, ही गावोगावची परिस्थिती सरकारने यातून मान्य केली. या योजनेत दोघांचीही संमती लागते, दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून तिथे कोणी वगळले जात नाही. ज्यांचे अजून बोलणे टिकून आहे त्यांनी आधी ही वाट धरावी.

ज्यांचे प्रकरण आधीच सुरू आहे, त्यांच्यासाठी शेवटचे. तुम्ही अर्जदार असा की सामनेवाला, आज ९(३), ९(४) चा उतारा, गट नकाशा आणि शेजारच्या सगळ्या गटांचे चालू सातबारे काढा. अर्जदार असाल तर लपवू नका. ज्याला आज टाळाल तो उद्या अपिलात भेटेल. सामनेवाला असाल आणि घरातली बहीण, चुलता किंवा खरेदीदार वगळलेला दिसला, तर तोंडी सांगून थांबू नका. पुढच्या तारखेला लेखी अर्ज द्या, नावे आणि पत्ते लिहा, दुय्यम प्रतीवर पोच शिक्का घ्या, आणि रोजनाम्यात त्याची नोंद झाल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.